राणी धरणारा हात

“मालन, ये गं भाईर. हात दे जरा.”

मामंजींनी मला नावानं हाक मारली ती पहिलीच. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, पण तोवर त्यांना मला काही विचारायचं असलं की ते गाईकडं बघून बोलायचे. “पानी तापलं का म्हनावं,” असं गाईला विचारायचे, आणि मी आतून आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायची, “तापलंय.” आमच्या मेटवाडीत सासरा-सुनेचं बोलणं असंच चालायचं. त्यामुळं माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला वाटलं, गोठ्याला आग लागली.

मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. दोन महिने तशीच पडून होते. कार्तिकात मला आठव्या महिन्यात मुलगी झाली आणि ती रडली नाही. सुईणीनं तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तरी रडली नाही. त्यानंतर मीही तोंडाला कुलूप घातलं. आत्याबाईंनी काय काय केलं नाही! दृष्ट काढली, अळिवाची खीर केली, गोडीगुलाबीनं घेतलं, शेवटी चिडून “घरात मानसं हायती, ती तुला दिसत्यात तरी का?” म्हणून पातेलं आपटलं. नवरा पाचगणीला एका हॉटेलात गाडी चालवायचा. आठवड्याला एकदा यायचा, माझ्या पायाशी बसायचा आणि काही न बोलता उठून जायचा. कुणाचंच काही चाललं नाही.

“मालन!” पुन्हा हाक आली. “लौकर ये. राणी हाय माझ्या हातात.”

मी उठले. पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीला धरत धरत परसात आले. उन्हानं डोळे दिपले. फणसाखाली मधमाश्यांची पेटी उघडी होती आणि मामंजी तिच्यापुढं उकिडवे बसले होते. उजव्या हाताच्या चिमटीत राणीमाशी होती. बाकीच्या माश्यांपेक्षा लांब, पोटाकडं काळपट तांबूस. मी ती पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. पण माझं लक्ष राणीकडं नव्हतं. मामंजींचा हात थरथरत होता. मनगटापासून बोटांपर्यंत, थांबतच नव्हता.

“धरवंना,” ते म्हणाले. “पदर फुडं कर.”

मी पदर पसरतेय तोवर राणी निसटली. पडली ती माझ्या पदरात.

“उचल. दोन बोटांनी, पाठीमागनं. पंखाला धर. पोटाला न्हाई, पोटाला न्हाई! पंखाला!”

दोन महिन्यांत मी पाण्याचा तांब्यासुद्धा धड धरला नव्हता. तरी माझी बोटं गेली, आणि पंखांची टोकं चिमटीत आली. राणीचे सहाच्या सहा पाय हवेत वळवळत होते. मामंजींनी डाव्या हातानं पोळ्याची चौकट पुढं केली. मी राणीला तिच्यावर ठेवलं. ती चार पावलं चालली आणि माश्यांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

मामंजींनी मोठा सुस्कारा सोडला. “कुनाला बोलू नगंस,” ते म्हणाले. गाईकडं नाही, थेट माझ्याकडं बघून. “म्हैना झाला. हात चालंना झालाय.”

ह्या वाक्याचा मला केवढा धक्का बसला, ते कळायला मामंजी कोण होते ते सांगायला हवं. कोयनेच्या आमच्या खोऱ्यात त्यांना गेनू आबा म्हणत, आणि त्यांचं नाव होतं ते त्यांच्या हातामुळं. मधपाळ पुष्कळ होते. पेटीतला मध काढणं काय, कुणालाही येतं. पण हजारो माश्यांतून राणी हुडकून, उघड्या हातानं उचलून, तिला इजा न करता दुसऱ्या पेटीत नेणं हे एकट्या गेनू आबांचं काम. दहा-दहा मैलांवरून बोलावणं यायचं. बाकी बाबतीत साधा माणूस, पण हाताचा त्यांना भारी अभिमान. कुणी कौतुक केलं की हात उलटासुलटा करून बघायचे, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

आदल्या वर्षी सातेरी माश्यांवर रोग आला होता. सातेरी म्हणजे आमच्या डोंगरातली पेटीत राहणारी माशी. अळ्या कोठड्यांतच फुगून मरायच्या आणि माश्या पेटी सोडून जायच्या. मामंजींच्या बावीस पेट्या होत्या, त्यातली एक उरली. फणसाखालची. त्या पेटीतल्या राणीच्या अळ्यांना रोग झालाच नव्हता. तिच्या लेकी वाढवून गावोगाव दिल्या तर खोऱ्यात सातेरी परत उभी राहिली असती. ती राणी तिसऱ्या वर्षाला लागलेली, म्हणजे म्हातारीच. जे काही करायचं ते ह्याच हंगामात. आणि करणाऱ्याचा हात गेलेला.

“मग आता?” मी विचारलं. दोन महिन्यांतला माझा पहिला शब्द.

“आता तू,” मामंजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मला झोपून राहायची सोय उरली नाही. तांबडं फुटून उन्हं परसात आली की हाक यायची. आधी नर माश्या. “नराला नांगी न्हाई. किती धर, किती सोड,” मामंजी म्हणायचे. मी नर धरायची. पहिल्या दिवशी तीन चिरडले, दोन उडाले, एकाचा पंख तुटला. मामंजी एका शब्दानं रागावले नाहीत. “नर हाय. त्येला तसंबी काय काम न्हाई,” एवढंच म्हणाले, आणि आत चुलीपाशी आत्याबाई खुदकन हसल्याचं मला ऐकू आलं.

नियम पुष्कळ होते. राणी धरायच्या दिवशी डोक्याला तेल नाही. हाताला साबण नाही. कांदा-लसूण चिरायचा नाही. राखेनं हात धुवायचे आणि पेटीतलं मेण बोटांना चोळायचं. “माशीला डोळ्यापेक्षा नाक जास्ती. राणीला परका वास लागला की तिच्याच घरात तिला मारत्यात.”

“कशा मारतात?”

“गोळा करत्यात. शंभर-दीडशे माश्या तिच्यावर चढून मूठ व्हत्यात. आत ती गुदमरून, भाजून मरती.”

माझ्या हातात नर जमायला लागले तसं मामंजींनी राणीचं शिकवायला घेतलं. आधी मागून पंखांना धरायचं, मग दुसऱ्या हाताच्या चिमटीत छातीला. “छाती टनक आसती. पर पोटाला बोट लागलं की संपली. सगळं घर तिच्या पोटात आसतंय.”

हे बोलले आणि बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. मान खाली घालून पेटीचं झाकण पुसायला लागले.

“माझ्याबी पोटात होतं,” मी म्हटलं.

मामंजींनी पुसायचं थांबवलं. वर बघितलं नाही. “व्हतं, बाय,” ते म्हणाले. “मी बघितली ना तिला. मीच न्हेली. तुझ्यासारखं कपाळ व्हतं.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तर तिचं तोंडही नीट बघू दिलं नव्हतं कुणी. मी तिथंच मातीत बसून राहिले. मामंजीही बसून राहिले, पेटीच्या पलीकडं. मग ते म्हणाले, “ऊन वाढाय लागलं. पेटी झाक,” आणि मी झाकली.

त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. आत्याबाईंनी तिसरी वाढली तेव्हा नको म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

त्या म्हाताऱ्या राणीच्या पाच लेकी आम्ही वाढवल्या. दोन कोठडीतच मेल्या. दोन नरांच्या भेटीला उडाल्या त्या परत आल्याच नाहीत. उडत्या माश्या टिपणारे वेडे राघू समोरच्या तारेवर बसलेलेच असायचे. एक परत आली, आणि चौथ्या दिवशी अंडी घालायला लागली. त्याच सुमाराला सोंडेवाडीहून धोंडू सपकाळ आला. त्याच्याकडं एकच पेटी उरली होती आणि तिची राणी मेली होती. राणीवाचून पेटी महिना-दीड महिना टिकते, मग संपते. “आबा, कायबी करा,” तो म्हणाला.

एक राणी, एक पेटी. ही लागली तर रोगाला न जुमानणाऱ्या माशीची दोन घरं होणार. नाही लागली तर फणसाखालची म्हातारी काय ती.

राणीला डबीत घालायचं काम मी केलं. डबी म्हणजे काडेपेटीएवढी, चारी बाजूंना जाळी लावलेली, एका टोकाला बूच. मी राणी पंखाला धरून उचलली, छातीला चिमटी लावली, तिचं डोकं डबीच्या तोंडाशी नेलं आणि ती स्वतःच आत चालत गेली. मागून तिच्या सेवेला सहा कामकरी माश्या सोडल्या, बूच बसवलं. घामानं माझी चोळी भिजली होती. मामंजी शेजारी उभे होते, उजवा हात डाव्या हातानं घट्ट दाबून. “बेस,” ते म्हणाले. त्यांच्याकडून ‘बेस’ ऐकायला लोक वर्षानुवर्षं थांबायचे.

धोंडूनं डबी फडक्यात गुंडाळून छातीशी धरून नेली. तिकडं ती तीन दिवस त्याच्या पेटीत टांगायची होती, म्हणजे जाळीतून माश्यांना राणीच्या वासाची सवय झाली असती. मग मामंजींची पद्धत अशी की, चौथ्या दिवशी स्वतः जाऊन राणी हातात घ्यायची, त्याच पेटीतल्या मधाचा थेंब तिच्या पाठीवर लावायचा आणि तिला पोळ्यावर सोडायची. माश्या मध चाटायला लागतात, आणि चाटता चाटता ती त्यांची होते.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं सोंडेवाडीला निघालो. दोन तासांची चाल. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदाच वाडीबाहेर पडत होते. वाटेत आमचं ठरलं होतं की, सगळ्यांना सांगायचं, सून शिकतीय म्हणून आज तीच करणार. हाताचं कुणाला कळू द्यायचं नाही. खरं तर हे मीच ठरवलं. गेनू आबांचा हात गेला हे चारचौघांत उघडं पडू नये, ह्या एका गोष्टीसाठी माझा जीव टांगणीला लागला होता. मामंजी नुसतं “बरं” म्हणाले.

सोंडेवाडीत पंधरा-वीस माणसं जमली होती. आबांचा हात बघायला आली होती ती. पण आधी धोंडूची बायको इंदूकाकू पुढं आली. “पयल्यांदा उंबऱ्यात आलीया सूनबाई. अशी कशी जाऊ दीन?” म्हणून तिनं मला आत नेलं, पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ घेऊन ओटी भरली. त्या बाईला माझं काही ठाऊक नव्हतं. नारळ ओटीत घालताना ती अगदी मनापासून म्हणाली, “फुडच्या बारीला येशीला तवा लेकरू कडंवर घिऊन ये.”

नारळाचं ओझं मांडीवर आलं आणि मला काही सुचेना. इंदूकाकू बोलत होती, मी मान हलवत होते. मग तिनं फळीवरची अत्तराची कुपी काढली, बोट बुडवून माझ्या दोन्ही हातांवर ओढलं. सवाष्णीचा मान तो. मी हात पुढं केले. अत्तर लागतंय हे मला दिसत होतं, वासही येत होता. पण ह्या हातांनी राणी धरायची आहे हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. ओटी बांधून मी बाहेर आले तेव्हा माझे कान बधिर झाले होते.

बाहेर कुणीतरी म्हणत होतं, “आबा, चला, दावा आता तुमची करामत.”

मी ठरलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. पण मामंजींनी मला बोलू दिलं नाही. उजवा हात त्यांनी सगळ्यांसमोर उचलून धरला. हात थरथरत होता.

“गेला ह्यो,” ते म्हणाले. “आता फुडं राणीचं काम माझी सून करनार. खोऱ्यात कुनाला लागलं तर तिला बोलवा.”

एका म्हाताऱ्यानं “अरारा” केलं. दोघं-तिघं एकमेकांकडं बघायला लागले, आणि एकानं मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हातावर ह्या माणसाची सगळी शान, तो त्यांनी असा बाजारात मांडल्यासारखा लोकांपुढं धरला होता. मी मान खाली घालून सरळ पेटीकडं गेले. आता माझी चूक होता कामा नये, एवढंच डोक्यात.

पेटी उघडली. डबीवर माश्या शांत बसल्या होत्या, जाळीतून राणीला भरवत होत्या. लक्षण चांगलं होतं. मी डबी काढली, बूच उघडलं. राणी बाहेर आली ती पंखाला धरली, दुसऱ्या चिमटीत छातीला धरली. हात अजिबात हलला नाही. मागून कुणीतरी “वा” म्हणालं. मी मधाचा थेंब तिच्या पाठीवर टेकवला आणि तिला पोळ्यावर ठेवलं.

ती दोन पावलं चालली. पहिली माशी तिच्याजवळ आली, मध चाखला आणि एकदम मागं सरली. दुसरी आली ती तिच्या पायाला झोंबली. मग तिसरी, दहावी, आणि मला काय होतंय ते कळायच्या आत राणी दिसेनाशी झाली. तिच्या जागी माश्यांची एक मूठ होती, आणि ती मूठ गरगरत होती. पेटीचा आवाज बदलला. माश्या उसळून वर आल्या. माणसं ओरडत गोठ्यामागं पळाली, धोंडूसकट.

“मामंजी, गोळा केला!” मी ओरडले, आणि तेव्हाच अत्तराचा वास माझ्या नाकात भरला. “अत्तर! माझ्या हाताला अत्तर हाय!”

मी हात घालणार तोच मामंजींनी मला खांद्यानं बाजूला सारलं. “तू नगं. तुझ्या हातानं आजून चिडतील.” आणि त्यांनी उजवा हात त्या मुठीत घातला.

माश्या हाताला डसायला लागल्या. नांगी मारली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो सगळीकडं सुटला. मामंजींची बोटं त्या मुठीत शिरली आणि एकेक माशी बाजूला करायला लागली. घाई नाही, ओढाओढ नाही. निवडायला बसलेली बाई तांदळातला खडा काढते तशी. मुठीच्या पार आत त्यांना राणी सापडली. अंगठा आणि पहिलं बोट तिच्या छातीला लागलं, पोटाला केसाइतकाही धक्का न लावता, आणि राणी बाहेर आली. एक पंख जरासा फाटला होता. पाय हलत होते.

“डबी,” ते म्हणाले.

मी डबी धरली. राणी आत गेली. मी एकटीच तिथं होते आणि मी बघत होते. त्या हातात थरथर नव्हती. एवढ्या माश्या मनगटाला लोंबकळत होत्या, आणि हात दगडासारखा स्थिर होता.

पुढचं आम्ही दोघांनीच केलं. मी माती आणि राखेनं हात तीनदा धुतले. साखर खलून मधात मळली, तिची गोळी करून डबीच्या तोंडात बुचाऐवजी बसवली. माश्यांनी ती बाहेरून खात खात आत यायचं, दोन-तीन दिवस लावून, म्हणजे तोवर वास जाईल. डबी पुन्हा पोळ्यांच्या मध्ये टांगली, पेटी झाकली. गोठ्यामागून डोकावणाऱ्यांना मी मोठ्यानं सांगितलं, “चूक माझी. हाताला अत्तर होतं. राणी हाय, जिती हाय.” इंदूकाकू बिचारी तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, तिचीही समजूत घालावी लागली.

मग मी मामंजींना ओट्यावर बसवलं, त्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला आणि नांग्या काढायला लागले. नखानं खरडून काढायच्या, चिमटीनं ओढायच्या नाहीत, नाहीतर विष आत जातं. एक, दोन, तीन. हात सुजायला लागला होता. मामंजी पेटीच्या दिशेनं बघत होते, कानोसा घेत होते, त्यांचा सगळा जीव तिकडं लागला होता. आणि हात माझ्या मांडीवर निवांत पडून होता. सतरा नांग्या मी मोजून काढल्या. सतरा नांग्या निघेपर्यंत तो एकदाही हलला नाही.

तेव्हा मला सगळं कळलं. उरलेली शेवटची राणी त्यांनी जाणूनबुजून माझ्या पदरात टाकली होती. मी उठावं म्हणून. बावीस पेट्यांतली एक उरली होती त्यांच्याकडं, आणि ती त्यांनी माझ्यासाठी पणाला लावली होती.

मामंजींनी पेटीकडून मान वळवली. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं बघितलं. आणि मग तो हात थरथरायला लागला.

मी तो दोन्ही हातांत धरला. कार्तिकापासून मी रडले नव्हते, ती तिथं सोंडेवाडीच्या ओट्यावर, परक्या माणसांसमोर, डोक्यावरचा पदर घसरला त्याची शुद्ध न ठेवता रडले. लोकांना वाटलं राणीसाठी रडते. मामंजींनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. “रड,” ते म्हणाले. “रड, बाय.”

रडणं ओसरल्यावर मी डोळे पुसले आणि म्हटलं, “तुम्ही आता राणीला हात लावायचा न्हाई, मामंजी. तुमचा हात थरथरतोय.”

“व्हय,” ते म्हणाले. “थरथरतोय खरा.”

तिसऱ्या दिवशी धोंडूचा निरोप आला, राणी पोळ्यावर फिरतीय. आठवड्यानं त्यानं अंडी बघितली.

त्यानंतर मामंजी नऊ वर्षं जगले. त्यांनी पुन्हा राणी धरली नाही. चहा बशीत सांडायचे, पानाला चुना लावताना माझ्याकडं डबी द्यायचे, आणि गावात कुणी “हात कसा हाय आबा?” विचारलं की उचलून दाखवायचे. मी कधी काही बोलले नाही. मला दुसरी मुलगी झाली तेव्हा तिला त्यांनी डाव्या हातावर घेतलं आणि उजवा नुसता थरथरत तिच्यावरून फिरवला. ह्या नऊ वर्षांत मला बोलावणं आलं नाही असं गाव खोऱ्यात राहिलं नाही. सुरुवातीला नाक मुरडणारेही नंतर दाराशी यायचे, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

मामंजींचं सगळं आटोपल्यावर एका दुपारी आत्याबाई गोधडी घेऊन बसल्या होत्या. दोरा सुईत जाईना. चार-पाच वेळा करून त्यांनी सुई माझ्यापुढं धरली.

“ओव बाई. माझा ओवनारा गेला.”

“कोण ओवायचं?”

“कोन म्हंजी? तुझं मामंजी. तू पेट्यांवर गेलीस की मी सुया काढून ठेवायची. एका दमात धा सुया ओवायचे.”

मी सुई ओवून त्यांच्या हातात दिली. मग म्हटलं, “आत्याबाई, मला सोंडेवाडीलाच कळलं होतं.”

“ठावं हाय. त्याच दिशी घरी आल्या आल्या म्हनाले, पोरीनं वळखलं.”

“मग तरी का? इतकी वर्षं? मी उठले होते, खात-पीत होते. लोकांसमोर कशाला थरथरत बसायचं? त्यांना केवढं होतं हाताचं!”

आत्याबाईंनी गोधडीची घडी सरळ केली.

“मी बी तेच म्हनले,” त्या म्हणाल्या. “तर म्हनाले, अगं, गेनू शेलाराचा हात चांगला हाय म्हनल्यावर सुनंला कोन बोलवील?”